चित्र आहे, आवाज नाही : मराठी भयमालिका आणि भयपटांतील अभिनय व लेखन

तानसा धरणाच्या परिसरातल्या गावांत आणि पाड्यांत मी गेली पंचवीसेक वर्षे टीव्ही दुरुस्तीचे काम करतो. शिक्षण दहावीपर्यंत. पुढचे वाचन झाले ते आटगावहून सुटे भाग आणायला मुंबईला जाताना लोकलमध्ये, आणि जमेल तिथून आणलेल्या पुस्तकांवर. नाट्यशास्त्र किंवा चित्रपटाचा अभ्यास मी कुठल्या वर्गात बसून केलेला नाही. त्यामुळे या लेखातली मते एका प्रेक्षकाची आहेत. मात्र हा प्रेक्षक इतरांपेक्षा जरा वेगळ्या जागी बसलेला आहे. लोक टीव्हीसमोर बसतात, तर माझी बरीच वर्षे टीव्हीच्या मागे गेली. तिथून पडद्यापेक्षा पाहणाऱ्यांचे चेहरे जास्त दिसतात.

माझ्या धंद्यात दोन तक्रारी नेहमीच्या. एक, ‘चित्र आहे, आवाज नाही.’ दुसरी, ‘आवाज आहे, चित्र नाही.’ संच उघडून ठेवलेला असतो, घरातली माणसे चुकणारी मालिका सोडायला तयार नसतात, आणि मग आहे त्या अवस्थेत ती बघितली जाते. अशाच एका रात्री एका पाड्यावर एक हिंदी भयमालिका आवाजाशिवाय चालू होती. पडद्यावरची नायिका तोंड उघडून किंचाळत होती. घरातला म्हातारा, ज्याचे आयुष्य जंगलात मोह वेचण्यात आणि लाकडे तोडण्यात गेले, तो थोडा वेळ बघत राहिला आणि मला म्हणाला, “भाऊ, हिला काय दिसलाच न्हाय. दिसला असता त ती वरडली नसती, गप झाली असती.”

मी विचारले, “बाबा, तुम्ही कधी गप्प झालात?”

“एकदा. चकवा लागलेला तवा. घरी आल्यावरपन तीन दिस बोललो न्हाय.”

म्हाताऱ्याने त्या रात्री जे सांगितले ते मला भय-अभिनयावर वाचलेल्या कुठल्याही मजकुरापेक्षा उपयोगी पडले. त्यानंतर मी भयपट आणि भयमालिका दोनदा पाहू लागलो. एकदा आवाज बंद करून, म्हणजे अभिनय कळतो. एकदा पडद्याकडे पाठ करून, म्हणजे लेखन कळते. पार्श्वसंगीताचा धडाका आणि पडद्यावरचा धूर ही दोन्ही आधारकाठ्या अशा रीतीने आळीपाळीने काढून घेतल्या की काय उरते, ते पाहायचे. या पद्धतीने मराठी पडद्यावरचा जो ऐवज तपासला, त्यातून माझे एक मत पक्के झाले. आपल्याकडे भीती खरी वाटते ती सत्ता हातात असलेल्या जिवंत माणसाची, आणि आपले चांगले नट तीच उभी करतात. लेखक जिथे त्या माणसाला सोडून भुताच्या मागे लागतो, तिथे भीती संपते. आणि भुताचे सोंग दुबळ्याच्या अंगावर चढवले जाते तिथे नुसती कलाकृती फसत नाही, पडद्याबाहेरही नुकसान होते.

सोंग आणि अंग

आमच्या भागाला भयाचा अभिनय टीव्हीने शिकवलेला नाही. मोखाडा-जव्हारच्या पट्ट्यात होळीच्या पुढे उन्हाळ्यात बोहाडा होतो. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मुखवटे, म्हणजे सोंगे, लावून रात्रभर देव-दानव नाचतात. गणपती, सरस्वती येऊन जातात, रावण, त्राटिका येतात आणि शेवटी जगदंबा व महिषासुराचे युद्ध होते. सोंगामागे कोण आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असते. तरीही त्राटिका अंगावर धावून आली की पोरे आईच्या मागे लपतात, आणि मोठी माणसेही एक पाऊल मागे घेतात.

हे कसे घडते? मुखवटा हलत नाही. त्यावर एकच भाव कोरलेला असतो. त्यामुळे सगळे काम पायांना, खांद्यांना, मानेला करावे लागते. संबळाच्या ठेक्यावर नाचणाऱ्याचे अंग बदलते, म्हणून लाकडाचा चेहरा जिवंत होतो. आता १९९३ साली सुरू झालेला रामसे बंधूंचा ‘झी हॉरर शो’ आठवून पाहा. रबराचे चेहरे, लांब नखे, पांढरी बुबुळे यांत काही कमी नव्हते. पण चेहऱ्याखालचे अंग बहुतेक वेळा कपडे वाळत घातल्यासारखे उभे असे. बोहाड्यातला नाच्या सोंगाखाली दुप्पट काम करतो. टीव्हीवरचा नट रंगभूषा चढली की काम संपले असे समजतो.

याच १९९३ सालच्या ‘झपाटलेला’ने नेमके उलटे केले. महेश कोठारे यांच्या या चित्रपटामागे ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटाची प्रेरणा आहे, हे सर्वांना माहीत आहे. पण तात्या विंचू मराठी झाला तो दोन कारणांनी. रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याला लबाड माणसाचे अंग होते. आणि लक्ष्मीकांत बेर्डे त्या बाहुल्याकडे बाहुला म्हणून कधीच बघत नाहीत, समोर खरोखरच कोणी आहे अशा नजरेने बघतात. आवाज बंद करून पाहा. विनोदी चित्रपट असूनही बेर्डे यांचा चेहरा भीतीच्या जागी प्रामाणिकपणे भितो. प्रेक्षक बाहुल्याला घाबरत नाही, तो बेर्डे यांच्यावर विश्वास ठेवतो. भयपटातल्या नटाचे पहिले कर्तव्य घाबरवण्याचे नसून समोरचे खरे मानण्याचे आहे, हा धडा आपण एका विनोदी नटाकडून घेतला पाहिजे.

एकच नट, एकच भूमिका, दोन निकाल

माझ्या मताची सर्वांत चांगली कसोटी ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेत आयती मिळते. ‘झी मराठी’वर फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे पहिले पर्व सुरू झाले. सिंधुदुर्गातल्या आकेरी गावातला नाईकांचा वाडा, अण्णा नाईकांचा मृत्यू आणि त्यासाठी जमलेले कुटुंब अशी सुरुवात होती. दुसरे पर्व जानेवारी २०१९ मध्ये आले. ते काळात मागे गेले आणि त्यात अण्णा जिवंत होता. तिसरे पर्व मार्च २०२१ मध्ये आले, त्यात अण्णा आणि शेवंता भूत होऊन वावरू लागले.

म्हणजे माधव अभ्यंकर यांनी एकच माणूस आधी जिवंतपणी आणि मग मेल्यावर उभा केला. अभ्यासकाला याहून चांगला प्रयोग कोण करून देणार?

दुसऱ्या पर्वातला अण्णा मी आवाज बंद करून पाहिला आहे. त्यात भुताटकीचे काही नाही. जमिनी बळकावणारा, परस्त्रीवर नजर ठेवणारा, आडवा येईल त्याच्या जिवावर उठणारा हा गावातला बडा माणूस आहे. अभ्यंकर त्याला फार हलवत नाहीत. अण्णा बसतो तेव्हा जागा भरून बसतो. समोरच्याकडे पाहण्याची त्याला घाई नसते, कारण समोरचा पळून जाणार नाही याची त्याला खात्री असते. हसणे ओठांवर येते आणि डोळ्यांपर्यंत पोचत नाही. पण ही भीती एकट्या अभ्यंकरांची नाही. माईच्या भूमिकेतल्या शकुंतला नरे यांच्याकडे बघा. नवरा आत आला की तिचे अंग आखडते, हातातले काम चालू राहते पण कान त्याच्याकडे लागतात. किती वर्षे ही बाई अशी जगली असेल, ते त्या खांद्यांवरून कळते. अण्णाची अर्धी दहशत माईच्या अंगात आहे. अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता वेगळी. ती अण्णाला भीत नाही असे दाखवते, आणि त्या दाखवण्यातली धडपड नेमळेकर यांनी लपवलेली नाही. म्हणून शेवंता नुसती मोहिनी न राहता अडकलेली बाई वाटते.

आता पाठ करून ऐकण्याची परीक्षा. प्रल्हाद कुडतरकर यांनी या मालिकेत लेखनही केले आणि विसरभोळ्या पांडूची भूमिकाही. स्वतः बोलून पाहणारा लेखक असला की वाक्ये तोंडात बसतात, हे ऐकताना जाणवते. मालवणीचा वापर हे मालिकेचे मोठे बळ होते. बोलीत माणूस विचार करून बोलत नाही, घाबरला तर बोलीतच घाबरतो. आणि पांडूचे विसरणे हा विनोदाचा भाग असला तरी भयलेखनाच्या दृष्टीने ती चांगली युक्ती आहे. ज्या घरात सगळ्यांना सगळे ठाऊक असून कोणी बोलत नाही, तिथे विसरणारा गडी हाच एकटा सुरक्षित असतो.

मग तिसऱ्या पर्वात काय झाले? नट तोच. आवाज तोच. पण भूत झालेल्या अण्णाला कशाचीच भीती उरली नाही, आणि त्याला कोणाशी हिशेब ठेवायचीही गरज राहिली नाही. जिवंत अण्णाला गावाची, पैशाची, अब्रूची, पोलिसांची थोडी तरी तमा बाळगावी लागत होती. त्या तमेतून त्याचा कावा जन्माला येई, आणि आपल्याला काव्याची भीती वाटे. भूत वाटेल तेव्हा वाटेल तिथे प्रकटू शकते. ज्याला काहीही करता येते त्याने पुढे काय केले याची उत्सुकता राहत नाही. आवाज बंद केल्यावर या पर्वात मला बहुतेक वेळा डोळे मोठे केलेली माणसे दिसली. हा दोष अभ्यंकरांचा नाही, लेखनाचा आहे. त्यांच्या हातून समोरची माई, समोरचे गाव काढून घेतले आणि बदल्यात धूर दिला.

लांबी

यात वाहिनीच्या गणिताचाही वाटा आहे. भीतीला शेवट लागतो. रत्नाकर मतकरी यांनी आपल्या कथांना ‘गूढकथा’ हा शब्द रूढ केला, आणि त्यांच्या कथांवरची ‘गहिरे पाणी’ ही मालिका तुकड्या-तुकड्यांनी पुरी होणाऱ्या कथांची होती. कथा सुरू झाली की संपणार आहे हे प्रेक्षकाला माहीत असे, त्यामुळे प्रत्येक खुणेकडे लक्ष जाई. उघडे राहिलेले दार म्हणजे काहीतरी अर्थ असणार. रोज चालणाऱ्या मालिकेत दार सोमवारी उघडे राहते, मंगळवारी वाऱ्याने उघडले होते असे कळते आणि बुधवारी दुसरे दार उघडते. आठवड्याभरात माणूस दारांकडे बघणे सोडतो. पाड्यांवरच्या घरांत मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. पहिल्या महिन्यात पोरे गोधडीत शिरून बघतात. तिसऱ्या महिन्यात तोच प्रसंग चालू असताना बाई तांदूळ निवडत असते.

लेखकाने भीतीचे दिलेले वचन पाळले नाही, तर पुढच्या वेळी नटाने जीव ओतला तरी प्रेक्षक हलत नाही. भयमालिकेतल्या नटाची ही सगळ्यात मोठी शोकांतिका आहे, की लेखकाने केलेली उधारी त्याला फेडावी लागते.

आजी, नातू आणि पीठ

चित्रपटाला ही अडचण नसते. राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ (२०१८) हिंदीत असला तरी त्याचे पाणी मराठी आहे. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीकडून आले, आजीचा भाग नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेकडून, आणि धारपांची ती कथा स्टीफन किंगकडून. बर्वे यांना ही कथा १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने तोंडी सांगितली होती. मला या माहितीचे फार महत्त्व वाटते. कोणी छापलेले वाचून दाखवले असते तर कदाचित वेगळा चित्रपट झाला असता. जंगलात रात्री ऐकलेल्या गोष्टीत सांगणारा काय गाळतो ते लक्षात राहते, आणि ‘तुंबाड’ची पटकथा गाळण्यात तरबेज आहे.

आईला दुसऱ्या मुलाला घेऊन जावे लागते, आणि छोट्या विनायकावर साखळीने बांधलेल्या आजीला भरवण्याची पाळी येते, हा प्रसंग आवाज बंद करून पाहा. भीती आजीच्या विद्रूप चेहऱ्यात कमी आणि त्या पोराच्या पावलांत जास्त आहे. त्याला पळायचे आहे, पण भरवणे हे काम आहे आणि घरातले काम टाळायचे नसते. ज्यांनी लहानपणी अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाची सेवा केली आहे त्यांना ही ओढाताण ठाऊक आहे. त्या आजीचे काम मोहम्मद समद या मुलाने केले, आणि पुढे विनायकाचा मुलगा पांडुरंगही तोच झाला. जाड रंगभूषेखाली अंगाने काम कसे करावे, ते बोहाड्यातल्या नाच्यासारखे त्या पोराला कळले आहे.

पण ‘तुंबाड’मध्येही खरी भीती हस्तरची नाही. सोहम शाह यांचा मोठा विनायक दोर धरून खाली उतरतो, पिठाचे रिंगण आखतो, सोने घेऊन वर येतो, आणि हे सगळे नोकरीवर जाणाऱ्या माणसाच्या सवयीने करतो. तीच कारागिरी तो मुलाला शिकवतो. राक्षसापुढे पोराला उभे करणारा बाप राक्षसापेक्षा भयंकर असतो, आणि शाह यांनी तो बाप प्रेमळ केला आहे. हा प्रेमळपणाच मला झोपू देत नाही.

उसातली म्हातारी

विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ २०१७ साली मराठी चित्रपटगृहांत आला. पुढे त्यांनीच हिंदीत ‘छोरी’ (२०२१) केला. पूजा सावंत यांची गरोदर नायिका नवऱ्याबरोबर शहर सोडून उसाच्या फडातल्या एकाकी घरात येते. घराची मालकीण तुळसाबाई, म्हणजे उषा नाईक. भरदिवसा, उन्हात भीती वाटू शकते हे या चित्रपटाने दाखवले, आणि कथा उलगडत जाते तसा प्रश्न मुलींच्या जिवाचा आहे हे समजते.

उषा नाईक यांच्या चेहऱ्यावर भुताचा रंग नाही. त्या सासू जशी वावरते तशा वावरतात. गरोदर बाईला जेवायला वाढतात, तिच्या पोटाकडे बघतात. नजर पोटावर किती वेळ थांबते एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी प्रसंगामागून प्रसंग पेलले आहेत. आवाज नसला तरी कळते की ही बाई माणसाकडे बघत नाही, पोटातल्या मुलाचा हिशेब करते आहे. लेखनाचे श्रेय असे, की या चित्रपटात मेलेल्यांनी आपल्यावर काही अन्याय केलेला नाही. अन्याय जिवंतांनी केला आणि मेलेले तो सांगायला आले. भूत इथे फिर्यादी आहे.

पाड्याच्या टोकाचे घर

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे येतो.

वारली आणि आजूबाजूच्या आदिवासी समाजात ‘भुताळी’ हा शब्द आहे. कोणाचे पोर आजारी पडले, गाय मेली, पीक गेले की भगत कधीकधी बोट दाखवतो, आणि ते बोट बहुतेक वेळा बाईकडे जाते. ती विधवा असते, एकटी असते, म्हातारी असते, किंवा तिच्या नावावर तुकडाभर जमीन असते. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या २० ऑगस्ट २०१३ ला झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत लागल्याचे सांगून माणसाला मारणे, एखाद्यावर करणीचा आळ घालून त्याचे जगणे अवघड करणे हे आता गुन्हे आहेत.

एका पाड्याच्या टोकाला एक बाई एकटी राहते. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली. जडीबुटीची माहिती आहे, बाळंतिणीला धावून जाते. मी तिच्या वस्तीत संच दुरुस्त करायला जातो. एका वर्षी पोरे तिला एका टीव्हीवरच्या हडळीच्या नावाने हाका मारू लागली. केस मोकळे, पांढरे लुगडे, कंदील हातात असे काही त्या मालिकेत होते. पोरांना खेळ. बाई पहिल्यांदा हसली. पुढच्या पावसाळ्यात वस्तीतले एक तान्हे पोर गेले तेव्हा कोणी हसले नाही. काही वाईट घडले नाही, जाणत्या माणसांनी वेळेवर आवरले. पण दोन महिने ती विहिरीवर उन्हे चढल्यावर जायची, बाकीच्या बायका येऊन गेल्यानंतर. हे मी पाहिले आहे.

‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली तेव्हा कोकणची बदनामी होते, अंधश्रद्धा वाढते असे आक्षेप आले होते. भयकथा मुळातच बंद करा असे म्हणणाऱ्यांच्या बाजूचा मी नाही. ज्या भागात रात्री शेकोटीजवळ चकव्याच्या आणि आसरांच्या गोष्टी सांगून पोरे वाढली, तिथे गोष्ट बंद करणे हे वाऱ्याला दार लावण्यासारखे आहे. पण ‘हा केवळ मनोरंजनाचा भाग आहे’ अशी पाटी दाखवून मोकळे होणाऱ्यांच्या बाजूचाही मी नाही. पाटी वाचता न येणारे प्रेक्षक माझ्या ओळखीचे आहेत.

लेखकाला माझा प्रश्न साधा आहे. तुझ्या गोष्टीत भीती कोणाची वाटते? अण्णाची वाटली, विनायकाची वाटली, तुळसाबाईच्या मागे उभ्या असलेल्या वंशाच्या दिव्याच्या हट्टाची वाटली, तर पाहणारा टीव्ही बंद करून आपल्या गावातल्या अण्णाकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो. भीती एकट्या, मोकळ्या केसांच्या बाईची वाटली, तर तो पाड्याच्या टोकाच्या घराकडे बघतो.

नटालाही एक विनंती. भूत म्हणून उभे राहाल तेव्हा घाबरवण्याआधी त्या भुतावर काय गुदरले ते अंगात आणा. आणि भुतासमोर उभे राहाल तेव्हा किंचाळायची घाई करू नका. मोह वेचणाऱ्या त्या म्हाताऱ्याला मी मागच्या वर्षी ‘लपाछपी’ दाखवला, लॅपटॉपवर, आवाजासकट. तो शेवटपर्यंत बसला. संपल्यावर काही बोलला नाही. मी चहा मागवला, तो पिऊन झाला, कप खाली ठेवताना एवढेच म्हणाला, “ती म्हातारी आमच्याकडं पन हाय.” कुठली ते त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही.